दाहिना म्हणजे घासाचा हात

पहाटेचे पाच. बीड जिल्ह्यातल्या एका गावाबाहेरचं माळरान. भरतीची तयारी करणारी पोरं १६०० मीटर पळून नुकतीच रांगेत उभी राहिलीत. छाती अजून धपापतेय.

"दाहिने मुड!"

सगळी रांग उजवीकडं वळते, एक पोरगा सोडून. तो डावीकडं. पुन्हा हुकूम, पुन्हा डावीकडं. पोरं हसतात. मेजर हसत नाहीत. फौजेतून निवृत्त झाल्यावर ते इथं पोरं घडवतात. 'दा' कानावर पडला की ह्याच्या डोक्यात 'डावा' उमटतो, हे त्यांनी ताडलंय. फौजेचे हुकूम हिंदीत. ह्याचे शाळेतले हिवाळे मात्र ऊसतोडीच्या फडावर, आईबापाच्या कोपीत गेले. हिंदी कानावर पडलीच कुठं?

"लेकरा, घास कोणत्या हातानं घेतोस?"

पोरगा उजवा हात वर करतो.

"हां. हाच दाहिना."

भाषा न येणं, वाचता न येणं म्हणजे समज नसणं नव्हे. पहिल्या महायुद्धात, १९१७ पासून, अमेरिकी सैन्यानं सुमारे १७ लाख जणांची बुद्धी तपासली. ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी चित्रांची वेगळी चाचणी केली, सूचनाही हातवाऱ्यांनी दिल्या. शंभर वर्षं झाली त्याला. आजही अडखळणाऱ्या पोराला आपण पटकन 'ढ' म्हणतो, याचं वाईट वाटतं.

कुणी बघून शिकतो, कुणी ऐकून, असंही सर्रास म्हणतात. पण अशी वाटणी करून शिकवल्यानं जास्त येतं, याला भक्कम पुरावा नाही. पोराला आधीचं काय येतं, कुठल्या भाषेत येतं, एका दमात किती सूचना डोक्यात राहतात, फरक तिथं पडतो.

आणि कधी नुसत्या डोळ्यात. दोन्ही तळहातांचा झरोका करून लांबचा लिंब बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला लिंब दिसत राहतो, तो तुमचा जोराचा डोळा. हात उजवा आणि हा डोळा डावा असला, की रायफलचा नेम धरताना पोरगा गडबडतो. डावा डोळा मिटायला किंवा बंदूक डाव्या खांद्याला लावायला शिकवावं लागतं. ओरडून डोळा बदलत नाही.

उजाडलंय.

"दाहिने मुड!"

पोराचा उजवा हात किंचित तोंडाकडं हलतो, आणि तो रांगेबरोबर वळतो. कवायतीत हात हलायला नको.

"हाताचं उद्या बघू," मेजर म्हणतात.