दोन-तृतीयांशांचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार. आघाड्यांच्या राजकारणात तत्त्वांची भाषा भरपूर ऐकू येते. आज आपण फक्त आकडे बघू, तेही गोव्याच्या 40 आमदारांच्या विधानसभेतले.

2017 साली काँग्रेसला 17 जागा मिळाल्या, भाजपला 13. सरकार आलं भाजपचं. भाजपविरोधात प्रचार करून 3 जागा जिंकलेला गोवा फॉरवर्ड, 3 आमदारांचा मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष आणि अपक्ष हे मनोहर पर्रीकरांसोबत गेले. गोवा फॉरवर्डचे तिघेच्या तिघे मंत्री झाले.

एवढी मंत्रिपदं येतात कुठून? 2003 च्या 91व्या घटनादुरुस्तीनं मंत्रिमंडळावर सभागृहाच्या 15 टक्क्यांची मर्यादा घातली, पण राज्यांना मुख्यमंत्री धरून किमान 12 मंत्र्यांची सोय ठेवली. 40 चे 15 टक्के 6 होतात; गोव्याला मिळतात 12. बहुमताला 21 पुरतात. म्हणजे काठावरच्या सरकारात निम्म्याहून जास्त आमदार मंत्री होऊ शकतात. उरलेल्यांसाठी महामंडळं असतातच.

याच दुरुस्तीनं एक-तृतीयांश आमदारांच्या फुटीला असलेलं संरक्षण काढून घेतलं. विलीनीकरणाची वाट मात्र उघडी राहिली: विधिमंडळ पक्षाचे दोन-तृतीयांश सदस्य राजी असले की राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टातली, म्हणजे पक्षांतरबंदीची, अपात्रता लागत नाही. एकटा आमदार गेला तर पद जातं, पुरेसे मिळून गेले तर वाचतं.

आता बघा. मार्च 2019, मध्यरात्र उलटून गेलेली: मगोच्या 3 पैकी 2 आमदार भाजपमध्ये. जुलै 2019: काँग्रेसच्या 15 पैकी 10. सप्टेंबर 2022, निवडणुकीनंतरच्या नव्या विधानसभेत: काँग्रेसच्या 11 पैकी 8. 11 चे दोन-तृतीयांश 7.33 होतात, म्हणून सात जणांनी भागत नाही. त्याच वर्षी जुलैत, पक्ष फोडण्याचा कट रचल्याचा आरोप करून काँग्रेसनं मायकल लोबो यांना विरोधी पक्षनेतेपदावरून काढलं होतं. दोन महिन्यांनी आठ जण जमले, त्यांत लोबो होतेच. तिन्ही वेळा गरजेपेक्षा एकही आमदार जास्त नाही. मतपरिवर्तन इतकं काटेकोर होत नसतं.

पैसे दिल्या-घेतल्याची पावती मिळत नाही, खात्यांची मात्र राजपत्रात मिळते. 2019 मध्ये ते दहा जण आल्यावर तीनच दिवसांत त्यांच्यातले तिघे मंत्री झाले आणि गोवा फॉरवर्डच्या तिघांना घरी पाठवलं. संख्याबळ वाढलं की जुना मित्र जड होतो.

तक्रार करायची ती सभापतींकडे, आणि सभापती बहुधा सत्ताधारी पक्षाचेच. 2019 च्या या प्रवेशांवर निर्णय आला एप्रिल 2021 मध्ये, याचिका फेटाळल्या. सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली मणिपूरच्या प्रकरणात सर्वसाधारणपणे तीन महिन्यांची मुदत सांगितली होती. कायद्यात ती अजून लिहिलेली नाही.

काँग्रेसचा संताप खरा मानायचा तर राजस्थानकडेही बघावं लागेल. गोव्यातल्या फुटीनंतर दोनच महिन्यांनी, सप्टेंबर 2019 मध्ये, तिथे बसपचे सहाच्या सहा आमदार काँग्रेसनं आनंदानं सामावून घेतले. नियम तोच, फक्त बाजू बदललेली.

2022 च्या निवडणुकीआधी काँग्रेसनं आपल्या उमेदवारांना पणजीचं महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा क्रूस आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ दिली. पक्षांतरानंतर त्या आठांतले दिगंबर कामत म्हणाले, देवाला विचारूनच निर्णय घेतला. मगोनं ती निवडणूक तृणमूलशी युती करून भाजपविरुद्ध लढवली, आणि निकालाच्याच दिवशी भाजपला पाठिंबा दिला. त्यांचे आमदार दोन होते. पुढे त्यांतले एक मंत्री झाले.