काळंनिळं, हिरवं, पिवळं

(दृश्य: नडगीवरचा मुका मार, अगदी जवळून.)

टेबलाचा कोपरा लागला. रक्त आलं नाही, पण दुसऱ्या दिवशी नडगी काळीनिळी. काही दिवसांनी डागाच्या कडा हिरवट होतात, मग पिवळ्या, आणि मार कुठे लागला होता तेही आठवेनासं होतं. या रंगबदलाची सुरुवात करून देतं एक एन्झाइम (शरीरात रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन), हीम ऑक्सिजनेज.

रक्ताचा लाल रंग हीममुळे. चार छोट्या कड्या जोडून झालेलं एक मोठं कडं, मधोमध लोहाचा अणू. हिमोग्लोबिनच्या कुशीत असेपर्यंत हीम गुणी असतं, निमूटपणे ऑक्सिजन वाहतं. मोकळं सुटलं की मात्र त्यातलं लोह पेशींच्या आवरणावरच उठतं. त्याची विल्हेवाट लावावीच लागते.

तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. मग प्लीहेतल्या आणि यकृतातल्या भक्षकपेशी तिला गिळतात. दर सेकंदाला अशा वीसेक लाख पेशी!

(दृश्य: हीमचं कडं, संथ फिरणारं.)

आता या कड्याकडे नीट बघा. त्याला चार सांधे आहेत. एन्झाइम दर वेळी एकच ठरलेला सांधा तोडतं. एवढ्याशा कामाला ऑक्सिजनचे तीन रेणू आणि सात इलेक्ट्रॉन खर्ची पडतात. कडं उघडलं की हाती येतं लोह, हिरवं बिलिव्हर्डिन आणि कार्बन मोनॉक्साइड.

हो, बंद खोलीत कोळसा धुमसला की जीव घेतो, तोच वायू. शरीर तो किंचितसा स्वतःच तयार करतं आणि श्वासावाटे बाहेर टाकतं.

बिलिव्हर्डिनचं दुसरं एक एन्झाइम पिवळं बिलिरुबिन करतं. कावीळ झाल्यावर डोळ्यांत दिसतो तो हाच पिवळा. आणि लोह? नव्या रक्तासाठी रोज 20 ते 25 मिलिग्रॅम लागतं, अन्नातून जेमतेम 1 ते 2 मिळतं. उरलेलं जवळपास सगळं या मोडीतूनच येतं.

हीम ऑक्सिजनेज 1968 साली टेनहुनेन, मार्व्हर आणि श्मिड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक कायम कामावर असतो, दुसरा पेशीवर ताण आला की झपाट्यानं वाढतो.

हा दुसरा प्रकार जन्मतःच नसेल तर? 1999 साली जपानमधल्या सहा वर्षांच्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध झाली. वाढ खुंटलेली, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा, यकृतात आणि मूत्रपिंडात लोह साचलेलं. तांबड्या पेशी सतत फुटत होत्या. एरवी अशा रुग्णाला कावीळ ठरलेली. या मुलाच्या रक्तात बिलिरुबिन कमी होतं.