ट्रान्झिट कॅम्पमधली टीम: ऑयलर्सचं मेम्फिसमधलं एक वर्ष

नमस्कार मंडळी! बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की आपण दोन वर्षं भाड्याने कुठेतरी राहतो ना, तसंच एकदा अमेरिकेतल्या अख्ख्या फुटबॉल टीमचं झालेलं. म्हणजे आपला फुटबॉल नाही हं, तो हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात तो.

टीम ह्यूस्टनची, नाव ऑयलर्स. मालक बड अ‍ॅडम्स. त्याला नवीन स्टेडियम हवं होतं, ह्यूस्टन काही देईना, मग टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल म्हणालं या, आम्ही बांधून देतो. पण ते तयार होणार १९९९ला आणि हे महाशय १९९७लाच घर सोडून निघाले. नॅशव्हिलमध्ये व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीचं ग्राउंड होतं, पण ते छोटं आणि तिथे दारू विकता येत नाही, म्हणून साहेबांनी नाक मुरडलं. मग ठरलं की दोन सीझन त्याच राज्यातल्या मेम्फिसला, लिबर्टी बोल नावाच्या स्टेडियममध्ये खेळायचं.

आता गंमत बघा, प्लेअर राहणार नॅशव्हिलला, प्रॅक्टिस पण तिथेच, आणि 'होम' मॅचसाठी बॅगा भरून सव्वातीनशे किलोमीटरवर मेम्फिसला. म्हणजे सगळ्या १६ मॅच बाहेरगावीच की!

आणि मेम्फिसचं दुखणं वेगळंच होतं. या गावाने स्वतःची टीम मिळावी म्हणून वर्षानुवर्षं एनएफएलचे, म्हणजे या फुटबॉलच्या लीगचे उंबरठे झिजवलेले, १९९३ला नवीन टीम वाटल्या तेव्हा त्या शार्लट आणि जॅक्सनव्हिलला गेल्या, मेम्फिस हात चोळत बसलं. आणि आता टीम येतेय ती कोणाची, तर नॅशव्हिलची, म्हणजे ज्यांच्याशी आधीच खुन्नस! वर नाव ऑयलर्स, टेक्सासच्या तेलावरून ठेवलेलं. गरज सरो वैद्य मरो हे लोकांना पहिल्या दिवसापासून दिसत होतं, मग कोण तिकीट काढणार? साठ हजारांच्या वरचं स्टेडियम, आणि काही मॅचना वीस हजार डोकी पण नाहीत. लोक म्हणतात मेम्फिसला फुटबॉलची आवड नाही. मला नाही पटत, त्यांना वेटिंग रूम व्हायचं नव्हतं एवढंच.

मग सीझनची शेवटची मॅच, समोर पिट्सबर्ग स्टीलर्स. गर्दी पन्नास हजारांच्या वर! अ‍ॅडम्स खूश झाला असेल असं वाटतं ना? पण बहुतेक पब्लिक स्टीलर्सचं, पिवळे टॉवेल गरगर फिरवतंय, आणि यजमान आपल्याच ग्राउंडवर पाहुणे. मॅच ऑयलर्सनीच मारली, १६-६, पण मालकाचा चेहरा पडायचा तो पडला. दुसऱ्या वर्षाचा प्लॅन रद्द, आणि १९९८ला टीम कुठे गेली माहितीये? त्याच व्हँडरबिल्टच्या छोट्या ग्राउंडवर, नाक मुरडलेलं ना, तिथेच.

१९९९ला हक्काचं घर मिळालं, नाव बदलून टायटन्स झालं, आणि पहिल्याच वर्षी टीम थेट सुपर बोलला, म्हणजे लीगच्या फायनलला, तिथे शेवटच्या बॉलला एका यार्डाने हुकली. मेम्फिसला मात्र अजूनही एनएफएलची स्वतःची टीम नाहीये.