टीव्ही बिघडला नाहीये, रिमोटची ओळख सुटलीये

नमस्कार मंडळी. येताना घरातला रिमोट पिशवीत टाकून आणा असं कळवलं होतं आणि बऱ्याच जणांनी आणलाय, बरं वाटलं, कारण हा विषय नुसता ऐकून डोक्यात बसत नाही, अंगठ्याने बटण दाबूनच बसतो. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो, आता रिटायर झालोय. आजचा विषय ऐकायला छोटा वाटतो, टीव्हीच्या मागे ती स्टिक लावतो ना यूट्यूब-बिट्यूब बघायला, तिचा रिमोट चालेनासा झाला तर परत कसा जोडायचा, एवढंच. पण मी तो का घेतला ते आधी सांगतो.

माझी आई मिरजेजवळच्या गावात एकटी असते. दिवाळीत मी तिला स्टिक लावून दिली, संध्याकाळचं कीर्तन आणि जुनी नाटकं बघायला. पुढे उन्हाळ्यात गेलो तर टीव्हीवर कापडी कव्हर घातलेलं. अकरा दिवस बंद होता. मी रोज फोन करत होतो, रोज विचारत होतो टीव्ही बघतेस ना, आणि ती रोज म्हणायची बघते की. गावातल्या एका दुकानदाराने सेल बदलून दिले होते, रिमोटने टीव्ही चालू-बंद होतोय, आवाज कमी-जास्त होतोय असं बघितलं आणि सांगून टाकलं की रिमोट ठणठणीत आहे, तुमचा टीव्हीच गेलाय. आणि आई मला म्हणाली, "माझाच हात कुठेतरी लागला असणार रे." अकरा दिवस ती हे मनात घेऊन बसली होती. मला फार वाईट वाटलं, कारण तिच्या हातून काहीच बिघडलं नव्हतं, आणि दुरुस्तीला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

दुकानदाराचं कुठे चुकलं ते नीट बघू, कारण सगळी गोम तिथेच आहे. या नव्या रिमोटमध्ये एकाच्या पोटात दोन रिमोट असतात. टीव्ही चालू-बंद करायचं बटण आणि आवाजाची बटणं ही बहुतेक वेळा जुन्या पद्धतीने चालतात, इन्फ्रारेडने. रिमोटच्या टोकाला बारीक दिवा असतो, त्याचा उजेड आपल्या डोळ्याला दिसत नाही, टीव्हीला दिसतो. मोबाइलचा कॅमेरा चालू करून त्या टोकाकडे धरा आणि टीव्हीचं बटण दाबा, जांभळट-पांढरं लुकलुकताना दिसेल. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसत, मग पुढचा सेल्फीचा कॅमेरा वापरून बघा. पण बाणांची बटणं, मधलं गोल बटण, होमचं म्हणजे घराचं चित्र असलेलं बटण, बोलायचं माइकचं बटण, ही दाबली तर कॅमेऱ्यात काहीच दिसणार नाही, कारण ती ब्लूटूथवर चालतात. म्हणजे आवाज वाढतोय पण बाण हलत नाहीत अशी अवस्था असेल तर टीव्ही शाबूत आहे, सेलही बहुतेक ठीक आहेत, फक्त रिमोट आणि स्टिक यांची ओळख सुटलीये. हे एक निदान डोक्यात राहिलं ना तरी तुमचे टीव्हीवाल्याला दिलेले व्हिजिटचे पैसे वाचतील.

ओळख म्हणजे काय? इन्फ्रारेड म्हणजे गल्लीत उभं राहून हाक मारणं, ज्याला ऐकू जाईल तो ओ देईल, म्हणून एका कंपनीच्या टीव्हीचा रिमोट शेजारच्यांच्या त्याच कंपनीच्या टीव्हीवरही चालतो. ब्लूटूथ म्हणजे वाड्याचं दार, आतून कडी. बाहेरून कडी वाजली की आतून विचारतात कोण आहे, ओळखीचा आवाज आला तरच दार उघडतं. पहिल्यांदा जोडताना स्टिक आणि रिमोट एकमेकांना एक गुप्त खूण देतात आणि दोघेही ती जपून ठेवतात, यालाच पेअरिंग म्हणायचं. सेल काढले म्हणून ती खूण सहसा पुसत नाही. पुसते कधी, तर कुणी स्टिक फॅक्टरी रीसेट केली, म्हणजे आतलं सगळं पुसून नव्यासारखी कोरी केली, किंवा तोच रिमोट दुसऱ्या खोलीतल्या स्टिकला जोडला. आणि कधी कधी खूण असते तशीच असते पण सेल उतरलेले, नाहीतर स्टिक अडकून बसलेली, लाइट जाऊन-येऊन झाल्यावर असं होतं बघा.

वायरलेस रिमोटचा इतिहास तसा जुना आहे, अमेरिकेत झेनिथ कंपनीने १९५५ साली उजेडाच्या झोतावर चालणारा काढला, त्याचा त्रास असा की खिडकीतून ऊन पडलं तरी टीव्ही आपोआप चॅनल बदलायचा. मग १९५६ साली त्याच कंपनीच्या रॉबर्ट अॅडलर यांनी आवाजावर चालणारा आणला, आत अॅल्युमिनियमच्या कांड्या, बटण दाबलं की बारीक हातोडी कांडीवर बसायची आणि माणसाला ऐकू न येणारा नाद निघायचा. त्याला सेलच लागत नव्हते! मला ही गोष्ट अजून सुंदर वाटते, वर्गात दरवर्षी सांगायचो.

बरं, आता हातात रिमोट घ्या. आपल्याकडे अॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक खूप घरांत आहे म्हणून तीच धरून सांगतो. आधी सेल. दोन ट्रिपल ए लागतात, म्हणजे बारीक पेन्सिल सेल, दोन्ही नवे आणि एकाच कंपनीचे घाला, एक जुना एक नवा असं करू नका, आणि भिंतीवरच्या घड्याळातून काढलेले तर नकोच, घड्याळाला लागते त्यापेक्षा रिमोटला, त्यातही बोलायच्या बटणाला, जास्त ताकद लागते. चार्जिंगचे सेल १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ चे, एरवी चालून जातात पण जोडताना अडचण आली तर साधे घालून बघा. मग स्टिकचा प्लग भिंतीतून काढा. टीव्ही रिमोटने बंद करणं म्हणजे स्टिक बंद करणं नव्हे, तिला वेगळी वीज जात असते, ती तोडायची. एक मिनिट थांबा, घाई करू नका, पाणी-बिणी पिऊन या. प्लग परत लावा, स्क्रीनवर चित्र येऊ द्या, टीव्हीपासून हाताच्या अंतरावर जा, आणि घराच्या चित्राचं बटण दाबून धरा. दहा सेकंद.

इथेच सगळे चुकतात म्हणून जरा थांबतो. दाबून धरा म्हटलं की माणूस दाबतो आणि सोडतो, किंवा तीन-चार सेकंदांनी काही होत नाही म्हणून सोडतो. वय झालं की अंगठा थरथरतो, दाब मध्येच सुटतो आणि रिमोटला वाटतं सोडलं. मग काय करायचं, रिमोट टेबलावर आडवा ठेवायचा आणि वरून अंगठा टेकवायचा, आणि मोठ्याने सावकाश दहापर्यंत म्हणायचं. आईला मी असंच करायला लावलं, मी स्वतः हात लावला नाही. ती आठवर असताना रिमोटवरचा दिवा केशरी लुकलुकायला लागला, मी म्हटलं सोडू नकोस, दहा पुरे कर. आणि स्क्रीनवर रिमोट जोडल्याचं आलं. तिने लगेच कॅलेंडरच्या मागे पेनने लिहून ठेवलं, "घराचे बटण, दहा म्हणेपर्यंत." त्यानंतर एकदा परत तसंच झालं तेव्हा तिने मला फोन केला तो झाल्यावर, सांगायला.

दहा सेकंदांनीही जमलं नाही तर दोन-तीनदा करा, आणि तरीही नाही तर रिमोटच रीसेट करायचा. स्टिकचा प्लग काढून मिनिटभर थांबा, मग डावीकडचा बाण, मेन्यूचं तीन आडव्या रेघांचं बटण आणि मागे जायचं बॅकचं बटण, तिन्ही एकदम बारा सेकंद. सोडा, पाच सेकंद थांबा, रिमोटचे सेल काढा. प्लग लावा, स्टिक पूर्ण चालू व्हायला मिनिटभर द्या, सेल घाला, होम दाबा. नाही जोडला तर परत होम दहा सेकंद. हे एकट्याने करायला अवघड आहे, तीन बोटं लागतात, त्यामुळे शेजारच्या पोराला हाक मारायला संकोच करू नका.

आणि स्टिक टीव्हीच्या मागे अगदी चिकटून असेल तर बॉक्समध्ये एक वितभर एचडीएमआयची, म्हणजे स्टिक टीव्हीच्या ज्या खाचेत बसते त्याच खाचेची, वायर येते, ती लावून स्टिक जरा बाहेर लोंबती ठेवा, टीव्हीच्या पाठीच्या पत्र्याआड सिग्नल अडतो. ब्लूटूथ, आपलं वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हन हे सगळे २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच असतात, एकाच रस्त्यावर गर्दी, म्हणून जोडताना तेवढं ओव्हन बंद ठेवा.

ज्यांच्याकडे दुसऱ्या कंपनीचं आहे त्यांच्यासाठी पटकन. गुगलच्या क्रोमकास्टच्या रिमोटला बॅक आणि होम एकत्र धरायचं, रिमोटवरचा दिवा लुकलुकेपर्यंत. अॅपल टीव्ही म्हणजे स्टिकऐवजी छोटा डबा असतो, त्याचा रिमोट डब्याच्या अगदी जवळ, आठेक सेंटिमीटरवर धरून बॅक आणि आवाज वाढवायचं बटण पाच सेकंद, त्याला सेल नसतात, चार्ज करावा लागतो, ते आधी बघा. अमेरिकेत मुलांकडे जाल तेव्हा तिथे रोकू नावाच्या कंपनीची अशीच स्टिक दिसेल, त्याच्या साध्या रिमोटला जोडाजोडीची गरजच नाही, तो इन्फ्रारेडचा, आणि बोलायच्या रिमोटला सेलच्या कप्प्यात छोटं बटण असतं ते काही सेकंद दाबायचं.

आता रिमोट हरवलाच, किंवा नातवाने पाण्यात टाकला तर? पहिलं, तुमच्या टीव्हीचा मूळ रिमोट घ्या आणि बाण दाबून बघा. बऱ्याच टीव्हींमध्ये एचडीएमआयच्या वायरीतूनच हुकूम पुढे स्टिकला जातो, सॅमसंगमध्ये त्याला एनीनेट प्लस म्हणतात, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, टीव्हीच्या सेटिंगमध्ये ते चालू असलं पाहिजे. तेवढ्यावर नवा रिमोट जोडता येतो, फायर टीव्हीत 'कंट्रोलर्स अँड ब्लूटूथ डिव्हायसेस' (नव्या मेन्यूत 'रिमोट्स अँड ब्लूटूथ डिव्हायसेस' असं दिसेल) त्यात जाऊन 'अॅड न्यू रिमोट'. एका स्टिकला सात रिमोटपर्यंत जोडता येतात, त्यामुळे जुना सापडला तरी दोन्ही चालतील. दुसरं, मोबाइलवर फायर टीव्हीचं अॅप घ्या, स्टिकवर जे अकाउंट आहे त्यानेच लॉगिन करा, टीव्हीवर चार आकडे येतात ते फोनमध्ये टाका, फोनच रिमोट होतो.

पण फोन आणि स्टिक एकाच वायफायवर पाहिजेत, आणि घोळ होतो तो घर बदललं किंवा नवीन राउटर आला की. स्टिकला नवीन वायफाय माहीत नाही, ते सांगायला रिमोट पाहिजे, आणि रिमोट नाही. अशा वेळी दोन फोन घ्या. एका फोनच्या हॉटस्पॉटला जुन्या राउटरचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, स्पेलिंग, कॅपिटल-स्मॉल अगदी तंतोतंत. स्टिकला वाटतं आपलं जुनंच घर, ती येऊन जोडली जाते. दुसरा फोन त्याच हॉटस्पॉटवर घेऊन अॅप उघडा, स्टिक सापडेल, मग तिला नव्या वायफायची ओळख करून द्या.

अजून एक, आणि हे मी कळकळीने सांगतोय. रिमोट अडला की लोक नेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधतात आणि वर दिसेल त्याला फोन लावतात. खोटे नंबर टाकून बसलेले लोक आहेत. ते म्हणतील अॅक्टिव्हेशन संपलंय, दहा रुपये भरा, फोनमध्ये अमुक अॅप टाका म्हणजे आम्ही इथून दुरुस्त करतो, त्या अॅपने त्यांना तुमची सगळी स्क्रीन दिसते, बँकेचा ओटीपीसुद्धा. रिमोट जोडायला एक रुपया लागत नाही, ओटीपी लागत नाही, कार्ड नंबर लागत नाही. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, १९३० ला लगेच फोन करा, जितका लवकर कराल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त.

आत्ता मागून एक प्रश्न आला, घरात दोन खोल्यांत दोन स्टिक आहेत, रिमोट सारखेच दिसतात, एक जोडला की दुसरा सुटतो. काकू, त्याचं कारण असं की एक रिमोट एका वेळी एकाच स्टिकचं ऐकतो. जी जोडायची नाही तिचा प्लग काढून ठेवा, मग दुसरीचं करा, नंतर उलट. आणि एका रिमोटला लाल रबर बँड लावा, त्याच खोलीतल्या टीव्हीलाही एक लाल टिकली. तुम्ही दोन्ही आणलेत ना? या पुढे टेबलापाशी, इथे स्टिक लावलेला टीव्ही आहे, त्यावर तुमच्याच हाताने जोडून बघा. घरी गेल्यावर आपल्या स्टिकला परत जोडावा लागेल, पण तोपर्यंत हाताला सवय झालेली असेल.