मोठ्याने म्हणा : घरबसल्या जर्मन

[दृश्य : परळ स्टेशन, सकाळ. भरून येणाऱ्या गाड्या, उतरणारी गर्दी]

सकाळी साडेआठला अख्खी मुंबई दक्षिणेकडे धावत असते. रात्रपाळी संपवलेली ही नर्स मात्र उलट्या दिशेने निघाली आहे, परळहून डोंबिवलीला. डाऊन गाडीला या वेळी गर्दी नसते. खिडकी मिळते, आणि मोठ्याने बोलायला मोकळीकही.

[दृश्य : महिला डबा. तिचा मूळ आवाज, १० सेकंद]

तिला नर्स म्हणून जर्मनीला जायचं आहे. ती करते आहे तो पिम्सलरचा, ऐकून शिकायचा जर्मनचा धडा. पॉल पिम्सलर हे अमेरिकी भाषाशिक्षणतज्ज्ञ. शब्द विसरायच्या बेतात असतानाच पुन्हा विचारला तर तो पक्का बसतो, असं त्यांचं म्हणणं. १९६७ साली त्यांनी त्याचं वेळापत्रकच मांडलं. नवा शब्द ५ सेकंदांनी पुन्हा विचारायचा, मग २५ सेकंदांनी, मग २ मिनिटांनी, १० मिनिटांनी, तासाने, ५ तासांनी, दुसऱ्या दिवशी, असं अंतर वाढवत न्यायचं. अर्ध्या तासाचा धडा याच तालावर बांधलेला. निवेदक इंग्रजीत विचारतो आणि थांबतो. त्या मोकळ्या जागेत उत्तर आपण द्यायचं, मनातल्या मनात नव्हे, तोंडाने. चारचौघांत लाजून ओठ मिटून घेतले की धड्याचा जीवच जातो. याच लोकलमध्ये भजनी मंडळं टाळ वाजवत खुल्या गळ्याने गातात. भाषा शिकणाऱ्यांनी तरी संकोच का करावा?

पिम्सलरची उणीवही आहे. शब्द मोजकेच, वाचन थोडं.

[दृश्य : फोनची स्क्रीन, सरकणारा अंगठा]

हिरव्या घुबडाचं ड्युओलिंगो हे ॲप २०१२पासून सर्वांना खुलं झालं आणि ते फुकटही वापरता येतं. माणसाला रोज परत बोलावण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. पण अंगठा काय करतो आहे ते पाहा. समोर मांडलेले शब्द उचलून ओळीत लावतो आहे. दिसलेला शब्द ओळखणं सोपं असतं. कोऱ्या मनातून तो काढून बोलणं हे वेगळंच काम, आणि परदेशातल्या रुग्णासमोर तेच लागणार आहे.

जर्मनीच्या डॉइचे वेले या प्रसारण संस्थेचा ‘निकोस वेग’ हा अभ्यासक्रमही मोफत आहे. स्पेनहून आलेल्या निकोची बॅग विमानतळावरच हरवते आणि तिथून गोष्ट सुरू होते. ए-वन या भाषेच्या पहिल्या पातळीपासून ए-टू आणि मग बी-वनपर्यंत नेणारं, पैसे न मागणारं इतकं नेटकं साहित्य आमच्या पाहण्यात दुसरं नाही.

[दृश्य : टेबलावर उघडं पुस्तक. समासात पेन्सिलीने लिहिलेलं मराठी]

आता हे पान. फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलेलं असिमिलचं पुस्तक. ही फ्रेंच संस्था अल्फोन्स शेरेल यांनी १९२९मध्ये सुरू केली. एका बाजूला जर्मन संवाद, समोरच्या पानावर इंग्रजी अर्थ. सुरुवातीला रोज फक्त ऐकायचं, वाचायचं, समजून घ्यायचं. पाठांतर नाही. ५०व्या धड्याच्या सुमारास दुसरी फेरी सुरू होते. नवा धडा चालूच ठेवायचा, शिवाय पहिल्या धड्यापासून मागे जाऊन जर्मन पान झाकायचं आणि अर्थावरून मूळ वाक्य स्वतः उभं करायचं.

तिने यात स्वतःची भर घातली आहे. इंग्रजी पान बाजूला सारून तिने समासात अर्थ मराठीत लिहिला. ‘कारण मी आजारी आहे’ हे जर्मनमध्ये होतं ‘वाइल इश क्रांक बिन’. कारण, मी, आजारी, आहे. क्रम तोच, क्रियापद शेवटी. इंग्रजीतून शिकवणारे कार्यक्रम याचा वेगळा नियम करून समजावतात. मराठी माणसाला तो घरचाच असतो. तीन लिंगांचंही तसंच. कोणत्या नामाचं कोणतं लिंग ते पाठ करावं लागतं, पण नपुंसकलिंग म्हणजे काय हे कुणी सांगावं लागत नाही. कार्यक्रम कोणताही घ्या, वहीत मराठी असू द्या, एवढा आमचा आग्रह आहे.

[दृश्य : लालबाग, चाळीतली गॅलरी. फोनवर कांजीची, म्हणजे जपानी चित्राक्षरांची कार्डं]

हा मुलगा जपानी शिकतो. जेएलपीटी या जपानीच्या प्रावीण्य परीक्षेत बोलण्याचा भागच नाही, त्यामुळे त्याला ‘अंकी’ पुरतं. २००६चं हे साधंसं कार्डांचं सॉफ्टवेअर पिम्सलरच्याच तत्त्वावर चालतं. चुकलेलं कार्ड लवकर परत येतं, जमलेलं उशिरा. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकाला जपानीसाठी वर्गातले २२०० तास धरते. पण जपानीसारखंच क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या, नामानंतर प्रत्यय लावणाऱ्या आपल्याला तोच हिशेब का लावावा?

[दृश्य : काळा घोडा, मॅक्सम्युलर भवन या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेचं प्रवेशद्वार]

जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळवायला साधारणपणे बी-टू, म्हणजे बी-वनच्या वरची पातळी लागते. बी-वन तिने पार केली आहे.

[दृश्य : हॉस्टेलची गच्ची, दोघी मैत्रिणी]

बी-टूच्या तोंडी परीक्षेत दोन उमेदवार समोरासमोर बसतात, आधी आपापला विषय मांडतात, मग चर्चा करतात. तिच्या फोनमधला एकही धडा तिच्याशी वाद घालत नाही. म्हणून रविवारी ही गच्ची. आजचा विषय, वॉर्डात नातेवाइकांच्या मोबाइलवर बंदी असावी का. ती बंदीच्या बाजूने, मैत्रीण विरोधात.