भांडं घेताना आधी उलटं करून बूड बघा

माइक मागपर्यंत पोचतोय ना? बरं. तर मंडळी, भांड्यांच्या दुकानात आपण काय बघतो, चकाकी, हँडल आणि सेटवर काय फ्री आहे ते. माझं म्हणणं एवढंच की भांडं उलटं करा, बूड किती जाड आहे बघा आणि मग विचार करा की घरी हे घासणार कोण, कारण आपल्याकडच्या घासण्याला जे झेपतं तेच वापरात राहतं, बाकीचं माळ्यावर.

आधी स्टील. स्टीलमधून उष्णता फार हळू पसरते, ॲल्युमिनियम त्याच्या साधारण पंधरापट बरं, म्हणूनच पातळ पातेल्यात खीर मधोमध करपते आणि कडेला नुसती कोमट असते. ट्रायप्लाय म्हणजे स्टीलच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनियम, तेही कडेपर्यंत. महाग पडतं, पण रोजच्या भाजीची एक कढई तशी घ्या की, अख्खा सेट कशाला? आणि ते खिशात लोहचुंबक घेऊन जाणारे काका असतात ना, त्यांना सांगा, चुंबक चिकटलं नाही म्हणजे स्टील 304 या चांगल्या ग्रेडचंच असं काही नसतं, 202 ग्रेडलाही ते चिकटत नाही, त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं. ग्रेडचा शिक्का बघा, बिलावर लिहून मागा. मीठ पाणी उकळल्यावर घाला, गार पाण्यात तळाला पडून राहिलं की स्टीलला बारीक खड्डे पडतात.

आता बिडाचा तवा. सध्या सगळ्यांना तो हवाय आणि पावसाळा आला की सगळ्यांचा गंजतोय! नवीन तवा धुवा, गॅसवर ठेवून पार कोरडा करा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि मग कापडाने असा पुसून घ्या की तेल लावलंच नाही असं वाटावं, मग धूर निघेपर्यंत तापवा, गार होऊ द्या. असं तीन-चार वेळा. तापलेल्या तेलाचा कडक थर बसतो तोच तुमचा नॉनस्टिक. तेल जास्त झालं की चिकट डाग राहतात आणि मग लोक दुकानदाराला शिव्या घालतात. पहिले काही दिवस त्यावर घावन घालू नका, आधी कांदा परता, थालीपीठ लावा. घावनाच्या वेळी अर्धा कांदा सुरीला टोचून तेलात बुडवून फिरवायचा, कोकणात बिड्यावर, म्हणजे अशाच बिडाच्या तव्यावर, अजून तसंच करतात. चिंच, कोकम, टोमॅटो यात शिजवत बसू नका, थर निघतो आणि आमटी काळी पडते. तारेची घासणी नको, रात्रभर सिंकमध्ये पाण्यात तर अजिबात नको.

पितळेचं म्हणाल तर कल्हई, म्हणजे आतून कथलाचा (टिनचा) पातळ थर, असेल तरच त्यात शिजवा, नाहीतर ताक, सार सगळं कळकतं. कल्हई करताना बघितलीय का कधी? भांडं भट्टीवर चांगलं तापवतात, नवसागर टाकला की पांढरा धूर येतो, मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने सर्रकन फिरवायचं, आतून चांदीसारखं होतं. पण कथील 232 डिग्रीला वितळतं, म्हणून कल्हईच्या पातेल्यात कडकडीत तेलाची फोडणी करू नका, वेगळ्या कढल्यात करून वरून ओता. आत पिवळं दिसायला लागलं की परत कल्हई.

कुकरचं एकच सांगते, डाव कुकरच्या काठावर आपटून झटकू नका. काठाला पोचा पडला की वाफ सुटते आणि आपण उगीच गास्केट बदलत बसतो.

हं, बोला ताई. नॉनस्टिक? वापरा ना, पण मंद आचेवर, रिकामं तापत ठेवू नका, 260 डिग्रीच्या पुढे ते कोटिंग बिघडायला लागतं. पोपडे निघाले की सरळ काढून टाका. आणि कल्हईवाला कुठे मिळेल असं मघाशी कोणी विचारलं? पुण्यात असाल तर कसबा पेठेत तांबट आळीत विचारा, फक्त कथील शुद्ध आहे ना, शिसं मिसळलेलं नाही ना, एवढं आधी बोलून घ्या.