सत्तावीस किलोमीटरचा जॉब

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या आठवड्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये बसलो होतो. मिस्त्री लेथवर जॉब सेंटर करत होते, म्हणजे कातायचा तुकडा नेमका मधोमध बसवत होते. नजर डायलच्या काट्यावर, हातात चकची, म्हणजे जॉब पकडणाऱ्या जबड्यांची, चावी. एक जॉ किंचित सैल करायचा, समोरचा आवळायचा, चक फिरवून परत बघायचं. काटा जागेवर येईपर्यंत त्यांचा चहा गार झाला. मग मला म्हणाले, "सर, ते जिनिव्हाचं जमिनीखालचं मशीन लई मोठं हाय म्हणं. त्येला सेंटर कोण करतंय?"

प्रश्न मला फार आवडला.

त्या यंत्राचं नाव लार्ज हॅड्रॉन कोलायडर. स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर, जमिनीखाली साधारण 100 मीटरवर, 27 किलोमीटर घेराचा बोगदा आहे. आपल्याला इथून पन्हाळा वीसेक किलोमीटर. घेर त्याहून मोठा. त्यातल्या दोन नळ्यांतून प्रोटॉनचे, म्हणजे अणूच्या गाभ्यातल्या कणांचे, घोळके उलटसुलट दिशांनी धावतात. एका सेकंदात 11 हजारांवर फेऱ्या!

त्यांना पळवतं कोण? पाळण्याला झोका देताना आपण वेळ साधतो ना, तसंच. तिथे हाताच्या जागी विद्युत क्षेत्र असतं. धातूच्या पोकळ कप्प्यांत ते सेकंदाला 40 कोटी वेळा हेलकावतं. घोळका नेमक्या क्षणी तिथे पोचतो आणि दर फेरीला थोडा रेटा मिळतो. जरा पुढे-मागे झालेला प्रोटॉनही त्या हेलकाव्यामुळेच परत घोळक्यात ओढला जातो.

गंमत म्हणजे वेग फारसा वाढत नाही. या बोगद्यात शिरतानाच प्रोटॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने आलेला असतो. वाढते ती ऊर्जा, आणि ऊर्जा वाढली की त्याला वळवणं जड जातं. म्हणून वळण एवढं मोठं, आणि त्यावर प्रोटॉनना वळवणारे 1232 मुख्य चुंबक, एकेक 15 मीटर लांब. त्यांच्या तारा हेलियमने उणे 271 अंशांपर्यंत गार ठेवतात. तेव्हा विजेला अडथळाच उरत नाही. शेवटी घोळके समोरासमोर आदळवायचे आणि त्या ऊर्जेतून कोणते नवे कण जन्मतात ते टिपायचं. मूलकणांना वस्तुमान कसं मिळतं याचा दुवा असलेला हिग्ज बोसॉन हा कण असाच सापडला. घोषणा 4 जुलै 2012 ची.

आता मिस्त्रींच्या प्रश्नाचं उत्तर. तिथला एकेक चुंबक तीस टनांहून जड. त्याच्या खाली तीन जॅक, आणि ते जॅक आपल्या भारतातून गेलेले, सात हजारांच्या आसपास. एवढं धूड ते 50 मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या, हिशेबात सरकवतात. हे सांगितल्यावर मिस्त्रींनी डायलकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली.

मग मी त्यांना चंद्राची गोष्ट सांगितली. याच बोगद्यात 1989 ते 2000 पर्यंत दुसरं यंत्र चालायचं. त्यातल्या कणांची ऊर्जा दिवसभरात किंचित वरखाली व्हायची. शोध घेतला तर कारण निघालं भरती-ओहोटी. चंद्र समुद्राला ओढतो तसा जमिनीलाही ओढतो. त्या ओढीने 27 किलोमीटरचा घेर मिलिमीटरभर बदलायचा, पौर्णिमा-अमावस्येला जास्तच.

मिस्त्रींनी गार चहा एका घोटात संपवला. म्हणाले, "बरं झालं सांगितलंसा. आता अवसेला जॉब बाद झाला तर मालकाला सांगायला मोकळा."